नसलेला उंबरा

हौसाबाईंनी आयुष्यात इतकी घरं मांडली होती की नवं घर दिसलं की त्यांचे हात आपोआप चालू लागत. बदलीची ऑर्डर आली की क्वार्टरांच्या लाईनीतल्या बाकीच्या बायका आधी रडून घ्यायच्या आणि मग सामान बांधायला काढायच्या. हौसाबाई आधी सामान बांधायच्या आणि रडण्याचं काम गाडीत बसल्यावर उरकायच्या. नवरा शहाजीराव फौजेत. साताऱ्याकडच्या गावातून शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत अंबाला, झाशी, सिकंदराबाद, जबलपूर आणि शेवटी दिल्ली छावणी. गाव कुठलंही असो, क्वार्टर तीच. त्याच दोन खोल्या, तोच पिवळा रंग, स्वयंपाकघराला तोच टाचभर उंचीचा सिमेंटचा उंबरा आणि मागे पत्र्याच्या दाराचं अंगण.

आणि क्वार्टर तीच म्हणून मांडणीही तीच. दारातून आत आलं की उजव्या भिंतीला काळ्या लोखंडी ट्रंका एका ओळीत, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात शहाजीरावांचं नाव आणि नंबर. वर वाकळ टाकली की झाला दिवाण. ट्रंकांच्या पुढे निवारीचा पलंग, पलंगाच्या पायथ्याशी पाण्याची कळशी, कळशीवर क्वार्टरच्याच भिंतीतल्या फळीवर देव. मग उंबरा ओलांडून स्वयंपाकघर, तिथं खाली जमिनीवर स्टोव्ह. हौसाबाई बसूनच स्वयंपाक करायच्या. ही मांडणी अंबाल्यात होती तशीच दिल्लीत होती, वीतभरही इकडची तिकडे नाही.

त्यालाही कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये शहाजीराव सरहद्दीवर गेलेले, वीज गेलेली, आणि पाणी प्यायला उठलेली नवी नवरी अंधारात ट्रंकेवर अशी आपटली की भुवईवर खोक पडली. ती खूण अजून आहे. दुसऱ्या दिवशी कपाळाला हळद दाबून त्यांनी सगळं घर नव्यानं लावलं आणि स्वतःशी नियम केला, की डोळे मिटून हात घातला तर पाणी हाताला लागलं पाहिजे. तो नियम त्यांनी पुढं कधी मोडला नाही. शहाजीराव म्हणायचे, "आमच्या पलटणीला एवढी शिस्त असती तर बरं झालं असतं." यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे हौसाबाईंनी कधी विचारलं नाही.

फौजेत क्वार्टर सोडताना एक तपासणी होते. तिला मार्चिंग आउट म्हणतात. साहेब येऊन बघतो, काच फुटली नाही ना, बल्ब जागेवर आहेत ना, भिंतीत खिळा ठोकला नाही ना. हौसाबाईंच्या क्वार्टरमध्ये कधी साधं खिळ्याचं भोक सापडलं नाही. पण मागं काय राहिलं, हे त्या तपासणीत कुणी विचारत नसे. अंबाल्याला एक कुत्रा राहिला, तो ट्रकमागं बाजारापर्यंत पळत आला होता. सिकंदराबादला कोंबड्या राहिल्या. झाशीला तुळस राहिली. म्हणून जबलपूरहून निघताना हौसाबाईंनी पहिल्यांदा हट्ट केला आणि ठकीला वेताच्या टोपलीत घालून रेल्वेनं दिल्लीला आणलं.

ठकी म्हणजे राखाडी पट्ट्यांची मांजर. जवानांचा स्वयंपाक होतो त्या लंगरमागच्या लाकडाच्या ढिगात जन्मलेली, शहाजीरावांनी कोटाच्या खिशातून घरी आणलेली. डोळे असे मोठे आणि काळेभोर, की पिवळी कड जेमतेम दिसायची. आलागेला त्या डोळ्यांचं कौतुक केल्याशिवाय राहत नसे. संध्याकाळी शहाजीरावांचे बूट गल्लीच्या तोंडाशी वाजले की ती दारात जाऊन बसायची. शहाजीराव तिला सॅल्यूट ठोकायचे आणि मगच टोपी काढायचे.

दिल्लीतच एकदा क्वार्टर बदलावी लागली. जुन्या लाईनीची दुरुस्ती निघाली आणि ही मंडळी रस्त्यापलीकडच्या लाईनीत गेली. हौसाबाईंनी सकाळी ट्रंका लावल्या, दुपारी ठकीची टोपली उघडली. ठकीनं जरा वास घेतला, ट्रंकेला गाल घासला, पलंगाला वळसा घालून गेली, उंबऱ्यावरून टुणकन उडी मारून स्टोव्हपाशी जाऊन बसली. सगळी लाईन बघायला आली होती. "पक्की फौजी बिल्ली है," असं शेजारची पंजाबीण म्हणाली, आणि हौसाबाई आठवडाभर त्या कौतुकावर तरंगत होत्या.

शहाजीराव निवृत्त झाले ते शहाण्णव साली. देशात तेव्हा सगळंच नवं येत होतं. टीव्हीवर नवे चॅनेल, रस्त्यावर नव्या गाड्या, आणि यमुनेपलीकडे मोहरीच्या शेतांत बिल्डिंगा. तिकडंच नोएडात, फौजींच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर शहाजीरावांनी फ्लॅट घेतला. जवळच रंगीत टीव्ही बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरीही मिळाली. फ्लॅटच्या दारावर पितळी अक्षरांत नाव लागलं त्या दिवशी हौसाबाईंनी त्या अक्षरांवरून पदर फिरवला. आजवर त्यांच्या नवऱ्याचं नाव फक्त ट्रंकांवर होतं.

"आता या घरातून कुठं जायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता मागंही काही सोडायचं नाही."

मग त्यांनी हौस केली. नावातच होती, पण करायला पहिल्यांदाच मिळत होती. कीर्तीनगरच्या बाजारातून मरून रंगाचा सोफा आणला. काचेचा टीपॉय आणला. भिंतभर शोकेस केली आणि तिच्यात भक्तीच्या शाळेतल्या ढाली मांडल्या. भक्ती ही त्यांची एकुलती एक मुलगी, नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली. निवारीचा पलंग आतल्या खोलीत गेला. कळशीच्या जागी फिल्टर आला. आणि ट्रंका माळ्यावर गेल्या. स्वतःच्या घरात कुणी ट्रंका मांडतं का? एक तेवढी सगळ्यात मोठी, रजयांची, माळ्याच्या तोंडातून आत जाईना. ती दारामागच्या कोपऱ्यात ढकलून तिच्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकला, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून.

ठकी टोपलीतून निघाली ती थेट त्या ट्रंकेच्या मागं गेली आणि तिथंच राहिली.

पहिले दिवस कुणी मनावर घेतलं नाही. पण दुधाची वाटी सकाळी ठेवली तशी संध्याकाळी असायची. खिम्याचा वास आला की जी पायात यायची, ती आता कोपऱ्यातून नाकसुद्धा बाहेर काढेना. एकदा निघाली तर सोफ्याला धडकली, फिस्कारली आणि पुन्हा मागं पळाली. संध्याकाळी शहाजीराव रबरी तळाचे नवे बूट घालून आले आणि तिला उचलायला वाकले, तर तिनं त्यांच्या हातावर नखं ओढली. सुभेदार माणूस, पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"मम्मी, ती सॅड आहे यार," भक्ती म्हणाली. "बघ ना, हड्डी दिसायला लागली तिची."

"हाडं म्हणावं," हौसाबाई म्हणाल्या. तेवढंच बोलणं त्यांना सुचलं, कारण बरगड्या त्यांनाही दिसत होत्या.

शहाजीरावांनी दोन-चार दिवस वाट पाहिली आणि मग त्यांच्या पद्धतीनं निर्णय घेतला. त्यांच्याच पलटणीतला हवालदार दामू आता त्यांच्या जुन्या क्वार्टरमध्ये राहत होता. त्याच्या बायकोला मांजरांची आवड होती.

"रविवारी दामू स्कूटर घेऊन येईल," ते म्हणाले. "टोपलीत घालून नेईल तिला."

"अहो, मागं काही सोडायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"मागं कुठं सोडतोय? ती अजून पुढं आलीच नाही. ती तिथंच आहे. इथं राहिली तर मरेल, अगं."

हौसाबाईंना अंबाल्याचा कुत्रा आठवला. ट्रकच्या फळीवरून त्यांनी त्याला बाजारापर्यंत पाहिलं होतं. आता वय झालं होतं, पुन्हा तसं काही पाहायचं बळ अंगात नव्हतं. पण मरेल, हेही खरंच होतं. त्यांनी टोपली काढून पुसून ठेवली.

शनिवारी दुपारी घरात त्या एकट्या होत्या. शहाजीराव ड्यूटीवर, भक्ती कॉलेजात. सोफ्यावर बसलं की त्या घसरायच्या, म्हणून खाली फरशीवर पाय पसरून कापसाच्या वाती वळत होत्या. टीव्ही बंद, पंखा बंद. इतकं शांत होतं की खालच्या रस्त्यावर वाळू चाळणाऱ्याची चाळणी ऐकू येत होती. तेवढ्यात टेबलक्लॉथ हलला आणि ठकी बाहेर आली.

हौसाबाईंनी हातातली वात खाली ठेवली. ठकीनं ट्रंकेच्या कडेला गाल लावला आणि तसाच घासत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं थांबली. मग शेपूट उभी करून निघाली. चाचपडत नव्हती, दबकत नव्हती, अगदी मालकिणीसारखी निघाली. हॉलच्या मधोमध मोकळ्या फरशीवरून जाताना एकाएकी तिनं वळसा घातला. मध्ये काहीच नव्हतं, तरी तिनं वळसा घातला, आणि वळताना शेपटीचं टोक असं केलं की एखाद्या गोष्टीला ते हलकेच लागून जावं. पुढं थोडी सरळ गेली. मग सपाट, गुळगुळीत फरशीवर तिनं पुढचे दोन्ही पाय उचलले आणि टुणकन उडी मारली. कशावरून? काही नव्हतंच तिथं. उडी मारून ती खाली बसली, पाय पोटाखाली घेतले आणि ऊब घ्यावी तसं तोंड पुढं केलं. समोर काचेच्या टीपॉयचा पाय होता.

हौसाबाईंना आधी भीतीच वाटली. बाहेरची बाधा, असं गावाकडं म्हणतात ते त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांचे डोळे तो रस्ता पुन्हा एकदा चालून आले. ट्रंका संपल्या की पलंग. पलंगाच्या पायथ्याशी कळशी, तिला वळसा. मग उंबरा. मग स्टोव्ह.

 नोएडातल्या त्या हॉलमध्ये त्यांची क्वार्टर उभी होती. त्यांना ती बोट दाखवून सांगता आली असती, इथं कळशी, इथं पलंगाचा खूर, इथं सिमेंटचा उंबरा. सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यात ठकी बसली होती.

ती बराच वेळ बसली. ऊब येईना तेव्हा उठली, अंगणाच्या दाराकडं वळली आणि चार पावलं टाकून शोकेसवर कपाळ आपटलं. खाडकन आवाज झाला. हौसाबाईंचा हात आपसूक स्वतःच्या भुवईवर गेला, त्या जुन्या खोकेवर.

"बाई गं," त्या पुटपुटल्या. "तुला दिसत नाही."

त्यांनी कापसाचा पुंजका घेतला आणि ठकीच्या तोंडासमोरून खाली सोडला. पुंजका तरंगत तरंगत तिच्या नाकापुढून गेला. ते मोठे काळेभोर डोळे हललेही नाहीत. मग ताटलीतली सुपारी घेऊन लांब फरशीवर टाकली, तर सुपारी खाली पडायच्या आत तिचे दोन्ही कान तिकडं वळले.

 आता एकेक गोष्ट उलगडत गेली. भक्तीनं फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत ही कधी डोळे मिटायची नाही. भिंतीवरच्या पालीकडं बघणं हिनं कधीच सोडलं होतं आणि सगळे म्हणाले होते की वय झालं. उंदीर मात्र पकडायची, कारण उंदीर वाजतो. दारात जाऊन बसायची ती बुटांच्या आवाजावर. कधी आंधळी झाली असेल, कोण जाणे. जबलपूरलाच झाली असेल. रस्त्यापलीकडची क्वार्टर, सगळ्या लाईनीनं टाळ्या पिटल्या ती, तीसुद्धा हिनं पाहिलीच नव्हती. घर जागेवरून हललं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. अगदी घर मांडणारीलाही नाही.

केवढा विश्वास! या एवढ्याशा जिवानं हौसाबाईंचं घर तोंडपाठ केलं होतं. त्यांची ती मांडणी, जिच्याकडं नवऱ्यानं हसून पाहिलं, मुलीनं नाक मुरडलं आणि त्यांनी स्वतः शेवटी माळ्यावर टाकली, तिच्या भरवशावर एक जीव इतकी वर्षं अंधारात ताठ शेपटीनं चालला होता. हौसाबाईंना रडू फुटलं. देवळात मोठ्या मूर्तीपुढं उभं राहिल्यावर येतं, त्या जातीचं ते रडू होतं. आणि सामान बांधायच्या आधीच आलं, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग डोळे पुसून त्या उठल्या, कारण उद्या रविवार होता.

भक्ती कॉलेजातून आली तेव्हा हॉलमध्ये युद्ध झाल्यासारखं होतं. सोफा आतल्या खोलीत उभा करून ठेवलेला, टीपॉय गॅलरीत. आणि हौसाबाई स्टुलावर चढून माळ्यावरून ट्रंका ओढत होत्या.

"मम्मी! ड्रॉइंग रूमची बॅरक करतेस तू? समोरच्या रुचिरा आंटी काय म्हणतील!"

"खालून धर," हौसाबाई म्हणाल्या. "बोट सांभाळ."

शहाजीराव आले. त्यांनी दारातूनच सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हौसाबाईंनी त्यांना काही समजावलं नाही. ठकीपुढं पुन्हा एकदा कापसाचा पुंजका सोडला. शहाजीरावांनी टॉर्च आणला आणि तिच्या डोळ्यांवरून फिरवला. बाहुल्या जशा होत्या तशाच राहिल्या. ते ट्रंकेवर बसले.

"आंधळी? आणि मी सॅल्यूट ठोकत होतो तो?"

"बूट ऐकून यायची ती. तुमचा सॅल्यूट तिनं कधी पाहिला नसेल."

 "अंधारात चालायचं आम्हाला महिनोन्महिने शिकवलं होतं," ते म्हणाले. "तरी आम्ही खड्ड्यात पडायचो."

पलंग बाहेर आला. त्याच्या पायथ्याशी कळशी आली. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा होता, तरी हौसाबाईंनी जुना स्टोव्ह काढून ओट्याखाली जमिनीवर ठेवला. पण अंतर जमेना. क्वार्टर लहान होती, हॉल मोठा. किती पावलांवर काय होतं, हे शहाजीराव आठवत राहिले, आणि भक्ती म्हणाली टेप आणू का. हौसाबाई ट्रंकेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनी त्या चालू लागल्या. भक्ती आधी हसली. मग आईचा हात न चुकता कळशीच्या काठाला अलगद लागून गेला आणि तिचं हसू थांबलं. हौसाबाई वळल्या, पुढं गेल्या आणि एका जागी त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला.

"इथं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "इथं उंबरा पाहिजे."

स्वयंपाकघराचं दार तिथून हातभर पुढं होतं. मग सगळी ट्रंकांची ओळ, पलंग आणि कळशी हातभर पुढं सरकवली. हौसाबाई पुन्हा डोळे मिटून चालल्या, आणि या वेळी त्यांचा पाय बरोबर दारात उचलला गेला.

पण दारात उंबरा नव्हताच. फ्लॅटमध्ये सगळीकडं सपाट फरशी. शहाजीराव खाली गेले, फ्रिजच्या लाकडी खोक्याची जाड पट्टी शोधून आणली, कापली, घासली आणि दाराच्या चौकटीत आडवी बसवली. हातोडा उचलला आणि तसेच थांबले. सबंध नोकरीत त्यांनी कुठल्याच घरात खिळा ठोकला नव्हता.

"ठोका की," हौसाबाई म्हणाल्या. "आपलंच आहे."

खिळ्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत गेला. या घरातले पहिले खिळे ते.

रविवारी सकाळी दामू आला. रिकामी टोपली दाराशीच होती. तो ट्रंकेवर बसला, आजूबाजूला पाहिलं आणि गोंधळला. "वहिनी, हे तर आमचंच घर झालं," तो म्हणाला. हौसाबाईंनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

ठकी निघाली होती. पहिल्या ट्रंकेला गाल लावला. पहिली संपली तर पुढं दुसरी होती, तिथं ती थबकली. गाल पुन्हा लावला. मग तिसरी, मग चौथी. घशातून बारीकसा आवाज आला. पलंगाचा खूर हुंगला. कळशीला वळसा घातला, आणि शेपटीचं टोक पितळेला लागलं. शहाजीराव जुने बूट घालून आले होते आणि पाय न हलवता बसले होते. भक्तीनं आईचा दंड गच्च धरला होता. लाकडी पट्टीपाशी ठकी थांबली. लाकूड तिच्या ओळखीचं नव्हतं. तिनं एक पाय उचलला, पट्टीवर ठेवला, पुन्हा मागं घेतला. हौसाबाईंना वाटलं, आता फिरेल. फिरली तर दामू टोपली भरून घेऊन जाणार होता.

ठकीनं अंग आखडलं आणि टुणकन उडी मारली.

आत स्टोव्ह होता आणि स्टोव्हशेजारी वाटी. हॉलमध्ये सगळे कान देऊन बसले होते. जरा वेळानं चप्‌ चप्‌ दूध पिण्याचा आवाज आला. सुभेदार शहाजीराव उभे राहिले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं कडक सॅल्यूट ठोकला. दामूही गडबडून उठला. सॅल्यूट कुणाला आहे हे त्याला कळलं नव्हतं, पण साहेब उभे म्हटल्यावर तो बसून कसा राहणार? चहा पिऊन तो रिकामी टोपली घेऊन गेला, कारण ठकीचा मुक्काम हलणार नाही म्हटल्यावर हौसाबाईंना ती टोपली घरात नको होती.

ठकी त्या घरात पुढं बरीच वर्षं राहिली. हळूहळू तिनं क्वार्टरच्या पलीकडचंही पाठ केलं. गॅलरीतलं ऊन तिनं उबेवरून शोधलं, आणि शहाजीरावांनी कठड्याला दोरीची जाळी बांधली. कारखान्याच्या गणवेशाखाली ते कायम जुनेच बूट घालत राहिले, मॅनेजर काय म्हणायचं ते म्हणाला. सोफा आतल्या खोलीत गेला तो तिथंच राहिला, आणि हौसाबाई त्याच्यावर वाळलेले कपडे ठेवू लागल्या. लाकडी पट्टीला मात्र सगळे अडखळले. समोरच्या पुण्याच्या रुचिराताई खांडवीचं ताट घेऊन आल्या आणि ताटासकट आत गेल्या. पण त्या काळात वास्तुशास्त्राचं वारं होतं. सुभेदारांनी खास उंबरा बसवून घेतला आणि त्यांच्या घरात बरकत आहे, अशी बातमी जिन्यावर पसरली, आणि महिन्याभरात रुचिराताईंनीही सुतार बोलावला. भक्तीला त्या पट्टीची सगळ्यात जास्त लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की ती त्यांना स्वयंपाकघराकडं फिरकूच द्यायची नाही.

ठकी एका हिवाळ्यात गॅलरीतल्या उन्हात झोपली आणि उठली नाही. पट्टी काढायची, असं शहाजीराव एकदा म्हणाले. मग कुणीच तो विषय काढला नाही.

भक्तीचं लग्न झालं. ती आणि तिचा नवरा धैर्यशील गुडगावला एका मोठ्या कंपनीत होते. दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यांनी तिकडंच फ्लॅट घेतला, बाराव्या मजल्यावर, काचेच्या भिंतींचा. हौसाबाई घर लावून द्यायला गेल्या, तर घर लावूनच झालं होतं. स्वयंपाकघराला तर भिंतच नव्हती. हॉल होता तसाच पुढं स्वयंपाकघर होई, फक्त फरशीचा पांढरा रंग जाऊन करडा यायचा. हौसाबाई खिडकीशी बसल्या. खाली सगळीकडं क्रेन उभ्या होत्या, आणि एवढ्या उंचीवर माणसं झोपतात कशी, या विचारानं त्यांना गरगरत होतं.

"मम्मी, चहा," भक्तीनं हाक मारली.

ती दोन कप घेऊन बोलत बोलत येत होती, फ्लॅटमधल्या लिफ्टची काहीतरी तक्रार सांगत. करडी फरशी संपून पांढरी सुरू झाली तिथं तिनं उजवा पाय उचलला. चांगला टाचभर उचलला, पुढं टाकला, मग डावा तसाच. कपांतला चहा हललाही नाही. बोलणंही थांबलं नाही.

हौसाबाई पुढं वाकल्या.

"अगं, पाय का उचललास?"

"कुठे?" भक्ती म्हणाली. तिनं मागं वळून त्या सपाट फरशीकडं पाहिलं. "चल, काहीही!"

 चहा गोड झाला होता, तो हौसाबाईंनी सावकाश संपवला. मग कप ठेवायला उठल्या. फरशीचा रंग बदलत होता तिथं त्यांनीही पाय उचलला आणि आत गेल्या.